तिजानीचा पायगुण

"आटप की लेका! खेळाडूंची गाडी निघाली म्हणे. ते यायच्या आत तू बाहेर पड म्हणजे झालं."

मैदानाची राखण करणारा लमीन खाली उभा राहून ओरडत होता. तिजानी स्टुलावर चढून गोलच्या आडव्या दांड्याला जाळी बांधत होता.

"पडतो रे बाबा. एवढी शेवटची गाठ."

"मघापासून शेवटचीच गाठ चाललीय तुझी!"

ते खरंच होतं. समुद्राकडच्या गोलची जाळी केव्हाच बांधून झाली होती. तिजानी उगाच एकेक गाठ चाचपत बसला होता, कारण त्याचा पाय निघत नव्हता. आज गावचा फुटबॉल संघ अमल जिंकला तर पहिल्या वर्गात जाणार होता. महदियाच्या बंदरावरच्या निम्म्या माणसांच्या जन्मात हे कधी घडलं नव्हतं. नुसती बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. आणि जिंकायचं तर तिजानीने मैदानाबाहेर राहणं भाग होतं.

तिजानी जाळी विणणारा. धक्क्यावर पाय पसरून बसायचं, अंगठ्यात जाळं अडकवायचं आणि कोळ्यांची फाटकी जाळी सांधायची, यात त्याचे केस पिकले. अमलच्या दोन्ही गोलांच्या जाळ्याही त्याच्याच हातच्या. सामन्याच्या दिवशी सकाळी तो त्या बांधायचा, हिरवळीवरून एकदा नजर फिरवायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा. सामना मात्र त्याने किती वर्षांत बघितला नव्हता, हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. का, तर त्याचा पायगुण वाईट!

हे सगळं हमादीचं काम. हमादीचं बंदरावर कॉफीचं दुकान आहे आणि मैदानात ढोल त्याचा. तरुणपणी हे दोघे एकाच पायरीवर बसायचे, सूर्यफुलाच्या बिया फोडत पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्या वर्षी अमलची नुसती दैना चालली होती. अशाच एका सामन्यात दोन गोलांनी मागे असताना तिजानी लघवीला म्हणून बाहेर गेला, आणि तो परत येईस्तोवर अमलने दोन्ही गोल फेडले होते. तो पायऱ्यांवर दिसताच हमादीने ढोल थांबवून बोंब ठोकली, "अडवा रे त्याला! आत घेऊ नका! पनवती आहे ती!" सगळं मैदान खो खो हसलं. तिजानीही हसला. छातीवर हात ठेवून वाकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. अमल जिंकला. पुढच्या सामन्याला पोरांनी त्याला गंमत म्हणून दारातच अडवलं, तेव्हाही जिंकला. गंमत गंमत म्हणता तिची रीत होऊन बसली. आता ती मोडणार कोण? आपण आत गेलो आणि संघ हरला तर ते पाप कुणाच्या डोक्यावर? तिजानीची तर छातीच झाली नाही.

हमादी अगदीच दुष्ट होता असं समजू नका. अमल जिंकला की दुकानातली पहिली कॉफी तिजानीकडे जायची. "हा तुझा वाटा," असा निरोप असायचा. लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आज काय मस्त बाहेर बसलास, वा!" आणि तिजानी खरंच सुखावायचा. त्या विजयात आपलंही काही आहे असं त्याला वाटायचं. हरल्यावर मात्र कॉफी यायची नाही. कुणीतरी वाकड्या नजरेने विचारायचं, "काय रे, जवळपास फिरकला नव्हतास ना?" तिजानी कुराणाची शपथ घेऊन सांगायचा की नव्हतो बाबा, धक्क्यापलीकडे होतो. एकदा तर त्याने हमादीला विचारलं होतं, रेडिओवर ऐकलं तर चालेल का? हमादीने बराच विचार करून सांगितलं, "नको. उगाच कशाला विषाची परीक्षा?"

त्याची मुलगी वसीला हे ऐकलं की पेटून उठायची. आज सकाळीही न्याहारीच्या वेळी तिने तोंड सोडलं होतंच.

"बाबा, तुम्ही माणूस आहात की काळी मांजर? जन्मभर त्या संघासाठी जीव टाकलात आणि बघायचं मात्र दुसऱ्यांनी. तुम्हाला काही वाटतच नाही का?"

"वाटतं की," पावाचा तुकडा तेलात बुडवत तिजानी म्हणाला. "पण अगं, आज फार मोठा सामना आहे."

"म्हणूनच म्हणतेय!"

"म्हणूनच तर नको," तो म्हणाला, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

लमीनचा आरडाओरडा वाढला तसा तिजानी स्टुलावरून उतरला, सुई आणि दोऱ्याची रिळं पिशवीत टाकली आणि मागच्या दाराने बाहेर पडला. पुढच्या दारापाशी तोवर निळ्यापिवळ्या झेंड्यांची ही गर्दी. त्याने मान खाली घातली आणि दर्याच्या टोकावरच्या कबरस्तानाची वाट धरली.

सामन्याच्या दिवशी तो तिथेच बसायचा, बायकोच्या कबरीशेजारी. जलीला गेल्यापासून ही त्याची ठरलेली जागा. मैदान तिथून लांब, पण वारा गावाकडून असला की गोलची आरोळी स्पष्ट यायची. आरोळी मोठी असली तर आपला गोल, नुसतं भुंग्यासारखं गुणगुणून विरली तर त्यांचा. एवढाच सामना त्याच्या वाट्याला. बाकी मग तो मनानेच रचायचा.

"आज जिंकलो ना जलीला, तर वसीलाला सांगीन, बघ, माझ्या बाहेर बसण्याचं चीज झालं." तो पांढऱ्या कबरीकडे बघून म्हणाला. हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव त्याने सोबत आणला होता, पण तो कागदातच राहिला.

बऱ्याच वेळाने आरोळी आली. ती एवढी मोठी होती की भिंतीवरचे समुद्रपक्षी उडाले. तिजानी ताडकन उठला, दोन्ही हात आभाळाकडे केले आणि मोठ्याने रडायलाच लागला. "देवा, तुझे उपकार! एवढा टिकव. आता एवढाच टिकव."

पण पुढचं काही त्याला उमगेना. आधी शिट्ट्या आल्या, मग गोंगाट, आणि मग एकदम सगळं चिडीचूप. मध्यंतर म्हणावं तर अजून वेळ होता. सामना चालू असताना मैदान असं गप्प होत नाही, हे त्याला एवढ्या वर्षांत पाठ झालं होतं. तेवढ्यात कबरस्तानाच्या रस्त्याने एक फटफटी धडधडत आली. वर हमादी, घामाघूम झालेला, गळ्यातल्या ढोलाचा पट्टा तसाच लोंबतोय.

"तू? इथे?" तिजानी पुढे झाला. "मग ढोल कोण वाजवतंय?"

"ढोल गेला खड्ड्यात. बस मागे."

"कुठे जायचं?"

"लग्नाला! अरे मैदानात, आणखी कुठे? तुझी जाळी जळली."

"माझी जाळी?"

"झियादने गोल मारला. असला मारला म्हणून सांगू! आणि आपल्याच गाढवांनी आनंदाच्या भरात लाल धुराची पेटती नळकांडी फेकली ती थेट जाळीत. नायलॉनच ते, भुरकन गेलं. बैल जाईल एवढं भोक पडलंय. पंच म्हणतो, पाव तासात जाळी धड करा, नाहीतर सामना पाहुण्यांना दिला."

"अरे मग करा की! निम्मं मैदान कोळ्यांनी भरलंय. कुणीही मारील दोन गाठी."

"मारील ना. पण जाळी तुझी. हात कोण लावणार?"

महदियाच्या धक्क्यावर ज्याने जाळं विणलं ते त्याचं. तो जिवंत आहे, गावात आहे, तोवर त्याने स्वतः हातात दिल्याशिवाय दुसरा त्याला शिवत नाही. शिवला तर त्या जाळ्यात पुन्हा मासा लागत नाही, असं लहान पोरंसुद्धा सांगतील. आणि गोलच्या जाळीत मासा नाही लागला तर गोल तरी कसा लागणार?

"मी दिली परवानगी," तिजानी घाईघाईने म्हणाला. "जा, माझ्या नावाने सांग. आणि ही घे सुई."

"असं निरोपावर चालत नाही, तुलाही ठाऊक आहे."

"आणि माझा पाय? त्याचं काय?"

हमादीने कपाळाचा घाम पुसला. "त्यावरच तर सगळे भांडत बसले होते. एका हाताला तुझी जाळी, एका हाताला तुझा पाय. एक म्हणतो आणा, एक म्हणतो सामना गेला तरी चालेल पण त्याला आणू नका."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी फटफटीची किल्ली काढली," हमादी म्हणाला. "आता बसतोस की उचलून टाकू?"

तिजानी बसला. वाटेत हमादीच्या पाठीला कपाळ टेकून तो एकसारखा पुटपुटत होता, "मी बघणार नाही. खाली मान घालीन, गाठी मारीन आणि निघून जाईन. मी काही बघणार नाही."

मागच्या दाराने तो आत शिरला तेव्हा हजारो माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने मान वर केली नाही. हिरवळीवर पाऊल टाकताना त्याला वाटलं चपला काढाव्यात, म्हणजे पाऊल तरी हलकं पडेल. मग स्वतःचीच लाज वाटून तो तसाच पुढे गेला. जळक्या नायलॉनचा वास येत होता. त्याने मैदानाकडे पाठ केली, भोकाच्या काळ्या कडा कापून काढल्या आणि सुईत दोरा भरला. पहिली गाठ सुटली. दुसरीही.

"अल्लाचं नाव घे आणि कर," मागून हमादी हळूच म्हणाला.

तिसरी बसली. मग एकदा हातांना वाट सापडली की ते थांबत नसतात. वरच्या पायऱ्यांवरून कुण्या पोराचा आवाज आला, "घट्ट बांधा हो तिजानीकाका! अजून लय गोल यायचेत!" कुणी हसलं, मग बरेच जण हसले. तिजानीच्या कानात ते हसू शिरलं आणि त्याला आपण तरुण असल्यासारखं वाटलं. त्याने पटकन ओठ आवळून घेतले.

पंचाने जाळी दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि मान हलवली. तिजानीने पिशवी उचलली, दाराकडे वळला.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"घरी, साहेब."

"इथेच थांबायचं. पुन्हा सुटली तर मी कुणाची वाट बघत बसणार नाही."

"साहेब, तुम्ही परगावचे, तुम्हाला माहीत नाही. माझं इथे असणं बरं नव्हे."

"ज्याने बांधली तो जाळीमागे बसेल," पंच म्हणाला आणि शिट्टी तोंडात घालून निघून गेला. काय करता? तिजानी गोलमागच्या खालच्या पायरीवर अंग चोरून बसला. हमादीने ढोल पुतण्याच्या गळ्यात अडकवला आणि तो येऊन शेजारी टेकला. दोघे एका पायरीवर बसले त्याला जमाना लोटला होता.

मध्यंतरापर्यंत तिजानी चपलांच्या टोकांकडेच बघत राहिला. मध्यंतरानंतर त्याला राहवलं नाही. आधी त्याने एक डोळा वर केला, मग दोन्ही.

काय काय दिसलं त्याला! बाहेर फक्त गोल ऐकू यायचे. चेंडू लाथेखाली येताना जो धप्पकन आवाज येतो तो कबरस्तानापर्यंत कुठला पोचायला? अमलचा गोलरक्षक दर थोड्या वेळाने खांबाला हात लावून तो हात ओठांना लावत होता. धक्क्यावरच्या बर्फवाल्याचा मुलगा अनीस, ज्याला तिजानीने चड्डीत फिरताना बघितलं होतं, तो अमलकडून खेळत होता आणि पडलेल्या पाहुण्या खेळाडूला हात देऊन उठवत होता. बापलेक एका कागदातल्या बिया खात होते आणि दोघांनाही भान नव्हतं. अरे, हे सगळं इथे दर पंधरवड्याला घडत होतं! तिजानीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याला कुणाचा राग आला नाही. उलट जळलेल्या जाळीचे, त्या गाढव पोरांचे, परगावच्या पंचाचे, सगळ्यांचे उपकार वाटले.

"रडतोस कशाला? जिंकतोय आपण," हमादी म्हणाला.

"म्हणून नाही रडत."

"मग?"

"काही नाही. तू पुढे बघ."

तेवढ्यात पाहुण्यांचा एक उंच खेळाडू डावीकडून सुटला. दोघांना चकवलं आणि मारला. गोलरक्षकाच्या बोटांना लागून चेंडू आत आला, तिजानीने नुकत्याच सांधलेल्या जाळीच्या घरांवर आदळला आणि तिथेच अडकून राहिला. एकही गाठ सरकली नाही. इतक्या वर्षांनी त्याने डोळ्यांनी बघितलेला पहिला गोल हा असा.

ढोल थांबला. तिजानी पांढराफटक पडला. तो उठला आणि पिशवीही न घेता दाराकडे चालू लागला.

"कुठे चाललास?" हमादीने त्याची बाही धरली.

"सोड. अजून वेळ आहे. मी बाहेर गेलो तर होईल अजून एक. सोड ना रे!"

"खाली बस."

"हमादी, तूच म्हणाला होतास..."

"मीच म्हणालो होतो. आता मीच म्हणतोय, बस." हमादीने बाही सोडली नाही. "तू आला नसतास तर अर्ध्यावरच घरी गेलो असतो आम्ही. जिंकलो तर तुझ्यासकट जिंकू, हरलो तर तुझ्यासकट हरू. कळलं?"

मागच्या पायरीवरचा एक दाढीवाला म्हातारा, ज्याने तिजानीला कधीकाळी दारात अडवलं असेल नसेल, त्याने पुढे वाकून बियांचा कागद त्याच्या पुढ्यात धरला. "घे रे. तोंडात काहीतरी टाक, बरं वाटतं." वरून पोरांनी पुन्हा गाणं धरलं. ढोल घुमू लागला. तिजानी बसला.

शेवटच्या घटकेला अमलला पेनल्टी मिळाली, पलीकडच्या, गावाकडच्या गोलवर. एवढी माणसं एकदम उठली की पायऱ्या हादरल्या. चेंडू अनीसने उचलला. हा एक लागला की पहिला वर्ग. तिजानीची नजर आपोआप दाराकडे गेली. पूर्वी तो मैदानाच्या दाराबाहेर उभा राहायचा, तेव्हासुद्धा पेनल्टीच्या वेळी त्याला रस्त्यापलीकडे पाठवायचे. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटले.

हमादीने त्याचा हात धरला. जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरा पडलेला तो हात त्याने स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन दाबून ठेवला.

"उघड डोळे."

"नको."

"उघड म्हणतो ना. माझ्यासाठी उघड."

तिजानीने डोळे उघडले. अनीस चार पावलं मागे गेला, धावत आला आणि मारला. पाहुण्यांचा गोलरक्षक योग्य बाजूला पडला. चेंडू त्याच्या छातीखाली दबून राहिला, आत गेलाच नाही. पंचाची लांब शिट्टी झाली. संपलं.

अनीस गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ गवताला टेकलं. सगळ्या मैदानावर माणसं माणसांच्या खांद्यावर डोकी ठेवून रडत होती. शेजारी हमादी हुंदके देत होता, त्याच्या मिशांतून पाणी गळत होतं. तिजानीने त्याच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता, हमादीच्या गुडघ्यावरच्या. आता सोडेल, त्याला वाटलं. आता हा हात सोडेल, आणि मग सगळे माझ्याकडे बघतील.

वरच्या पायऱ्यांवरून एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळं मैदान अनीससाठी टाळ्या वाजवायला लागलं. कुणी ओरडत होतं, "ऊठ रे पोरा, पुढच्या वर्षी!" तो म्हातारा उभा राहून दोन्ही तळवे बडवत होता. तिजानीकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

हमादीने उजव्या बाहीने नाक पुसलं. डाव्या हातात तिजानीचा हात तसाच होता. मग तो रडत रडत, मोकळ्या हाताने आपल्याच मांडीवर थापा मारत, त्या पोरासाठी टाळी वाजवू लागला.